दहाच्या पुढे कौशल्याबाई

२ एप्रिल

मलकापूर आगारातून निवृत्त झालो तेव्हा मंडळींनी शाल, नारळ आणि ही दैनंदिनी दिली. नारळ त्याच दिवशी फोडला. शाल पांघरायला वडनेर भोलजीत सध्या थंडी नाही. उरली ही. पहिले तीन महिने कोरे आहेत, कारण लिहावं असं काही घडलंच नाही. सकाळी उठायचं, पेपर जाहिरातींसकट वाचायचा आणि दिवसभर बायकोच्या पायात यायचं. कंडक्टर म्हणून जन्मभर लोकांना ‘पुढे सरका’ म्हणालो, आता ती मला म्हणते, "जरा तिकडं सरकता का?"

आज मात्र घडलं. आमची कौशल्याबाई गावातल्या पूर्णाकाठ महिला गटाची अध्यक्ष आहे. सात बायका मिळून मूगवड्या करतात. अकोल्याच्या, बरीच दुकानं असलेल्या एका कंपनीनं त्यांच्या वड्या मागवल्या. आमच्याकडे वड्यांचा भाव नंतर विचारतात, आधी विचारतात, कोणाच्या हातच्या? आशाबाईच्या वड्यांत लसूण पुढे असतो, पुष्पांजलीच्या बारीक आणि कुरकुरीत, आमच्या घरच्या कोथिंबीर सढळ घातलेल्या. अकोलेवाल्यांना हेच आवडलं. ज्या बाईच्या हातच्या वड्या, तिचं वेगळं खोकं. फक्त खोक्यावर त्यांच्या पद्धतीचा बारकोड पाहिजे, आणि त्यातून सगळं कळलं पाहिजे: वस्तू कोणती, कोणाची, आणि कधीपर्यंत चांगली.

मी म्हणालो, बारकोडचं माझ्याकडे द्या. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बिचाऱ्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असणार.

५ एप्रिल

खामगावला सागरच्या दुकानात गेलो. तो लेबलं छापतो. तरुण आहे, पण शांतपणे समजावतो.

मला वाटायचं बारकोड म्हणजे नुसत्या काळ्या रेघा, मशीन त्या मोजतं आणि कुठून तरी सगळं ओळखतं. तसं नाही. रेघांत आकडे असतात आणि आकड्यांच्या पुढे आकडे असतात. सागरने कागदावर लिहून दाखवलं. शून्य-एक आला की त्याच्यामागून येतो तो वस्तूचा नंबर. पंधरा आला की त्याच्यामागून तारीख, कधीपर्यंत चांगली ती, आणि तीही वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. दहा आला की त्याच्यामागून माल कोणत्या खेपेचा ते. आमची खेप म्हणजे बाई. आणि हे आकडे सागरने ठरवलेले नाहीत. जगात कुठेही जा, पंधरा म्हणजे तीच तारीख.

"हे त आमच्या गाडीच्या पाटीसारखं झालं," मी म्हणालो. "पाटी वाचली की आत कुठले पॅसेंजर बसले ते समजते."

"हाव काका, तसंच," सागर म्हणाला.

ज्याने कोणी हे काढलं तो माणूस एसटीत असता तर नाव काढलं असतं. येताना गाडीत उगाच बरं वाटत होतं.

७ एप्रिल

दहाच्या पुढे काय लिहायचं यावर घरात बोलणं झालं. अक्षरं इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता, जास्तीत जास्त वीस.

कौशल्याबाई म्हणाली, "नुसतं नाव टाका ना. वड्या त आम्हीच करतो."

तिला सरकारी कामकाजाचा अनुभव नाही. मी समजावलं की नुसतं नाव म्हणजे अर्धवट. रेशनकार्डावर, बँकेत, सातबाऱ्यावर, कुठेही बाईच्या नावामागे नवऱ्याचं नाव असतं. गावात आशाबाई दोन आहेत. शंकररावांची म्हटलं की घोटाळा नाही.

"दुसऱ्या आशाबाईले वड्या येतच नाहीत," ती म्हणाली.

मी तो मुद्दा सोडून दिला. पाटीवर लिहून बघितलं तर KAUSALYABAITULSHIRAM बरोब्बर वीस अक्षरं भरली. एक कमी नाही, एक जास्त नाही. असा योग येत नसतो. मी तिला दाखवलं. ती "हं" म्हणाली आणि डाळ उपसायला गेली. लाजली असावी.

पस्तीस वर्षांच्या संसारात आमची दोघांची नावं एकत्र छापली गेली ती लग्नपत्रिकेत. आता अकोल्याच्या दुकानात जातील. मला फार आनंद झाला आहे, आणि तो इथे लिहायला हरकत नाही.

९ एप्रिल

पुन्हा सागर. त्याने कोड मांडून ठेवला होता: वस्तू, मग तारीख, मग नाव. हे मला पटलं नाही. कोणत्याही अर्जात आधी नाव असतं, मग तारीख. बाईला शेवटच्या सीटवर कशाला बसवायचं? मी नाव मध्ये आणायला लावलं.

तो म्हणाला, "मंग नावाच्या मांगं हे खूण येते." स्क्रीनवर कौशल्याबाईतुळशीरामच्या मागे एक चौकोनी ठिपका चिकटला होता.

"हे कायची टिकली?"

"राहू द्या काका. ते कागदावर दिसत नाही, मशीनसाठी असते."

"दिसत नाही त कायले पाह्यजे? काढ."

तो म्हणाला काढू नये. मी म्हणालो, आमची जबाबदारी. पोराने मान हलवली आणि काढली. मग पहिलं लेबल छापून त्याच्या मशीनवर वाचून पाहिलं. अर्थातच आमच्या घरचं. वस्तू बरोबर, नाव पूर्ण, तारीख पंधरा ऑक्टोबर. सगळं अचूक. बाकीच्या सहा जणींची लेबलं छापून घेतली आणि पाचची गाडी पकडली.

१२ एप्रिल

ऊन चांगलं आहे. गच्चीवर कापडं अंथरून बायकांनी शेवटच्या वड्या टाकल्या. आशाबाई आणि आमची एकाच कापडाच्या दोन टोकांना बसतात आणि मधोमध भेटेपर्यंत बोलत राहतात. काय बोलतात ते मला वीस वर्षांत कळलेलं नाही. मी वर गेलो की थांबतात.

१६ एप्रिल

सकाळी खोकी गाडीत चढवली. गोपाल (पुष्पांजलीचा नवरा, गाडी त्याचीच) एकटाच गेला. मी डबल घंटी दिल्यासारखं गाडीच्या फळीवर दोनदा थाप मारली.

संध्याकाळी तो परत आला आणि मागे जवळजवळ सगळी खोकी तशीच. त्यांच्या मशीनने माल नाकारला. कोणाची तारीख सापडत नाही, कोणाची भलतीच सापडते. घेतली फक्त आमची. कौशल्याबाईची एकूण एक खोकी आत गेली. महिनाअखेरपर्यंत दुरुस्त करून आणा, नाही तर ऑर्डर दुसऱ्या गावाला देऊ, असं त्यांनी सांगितलं.

वाईट झालं. पण एक गोष्ट मनात आली ती लिहून ठेवतो. आमची पास झाली ती उगाच नाही.

१७ एप्रिल

सकाळी चहाच्या टपरीवर शंकरराव भेटले, म्हणजे आशाबाईचे. त्यांनी विचारलं, असं कसं झालं हो? मी म्हणालो, "मशीन कोनाची भीडभाड ठेवत नाही. हातात फरक असनच."

मी सहज म्हणालो होतो. चहा संपवून घरी पोचलो त्याच्या आधी ते वाक्य आशाबाईकडे जाऊन आमच्या अंगणात आलं होतं. आशाबाई स्वतः उभी होती. वड्या टाकायला आमच्याकडून नेलेली बाज तिने भिंतीला टेकवली.

"घ्या तुमची बाज," ती कौशल्याबाईला म्हणाली. "लेबलं तुह्या नवऱ्यानं केली, पास तुहीच झाली. आता म्हनते आमच्या हातात फरक हाये. काऊन असं केलं वं?"

कौशल्याबाईने माझ्याकडे पाहिलं, एवढंच. पुष्पांजली फाटकात उभी होती, तीही आत न येता गेली.

१८ एप्रिल

कौशल्याबाई बोलत नाही. म्हणजे माझ्याशी नाही. दुपारी चुलीकडे तोंड करून म्हणाली, "कोनाले जेवाचं असन त ताट वाढलं हाय." घरात आम्ही दोघंच.

उन्हाचा त्रास असेल म्हणून मी लिंबू सरबत करून दिलं. ग्लास संध्याकाळी तिथेच होता, त्यात मुंगी.

१९ एप्रिल

आज कळलं की तिने अध्यक्षपद सोडलं. तिच्याकडून नव्हे, पुष्पांजलीच्या सासूकडून कळलं. ती म्हणाली, आठ वर्षं गट कौशल्याबाईने उभा केला, आता बाकीच्या म्हणतात तिच्या घरातून राजकारण चालतं.

गच्ची रिकामी आहे. कापडं घडी करून ठेवली आहेत. मला आत्तापर्यंत वाटत होतं की माझं लेबल बरोबर आणि लोकांच्या वड्यांत गडबड. पण वड्यांत गडबड असली तर मशीनला तारीख का सापडू नये? मशीन वडी चाखत थोडंच असेल. हे आधी सुचायला हवं होतं. उद्या अकोल्याला जातो.

२० एप्रिल

गोदामावर वैष्णवी नावाच्या मॅडम माल उतरवून घेतात. आमच्या मुलीच्या, करिष्माच्या वयाच्या असतील. मी आशाबाईच्या एका खोक्याचं लेबल काढून नेलं होतं. त्यांनी ते वाचलं आणि मशीनचा पडदा माझ्याकडे वळवला.

"काका, वस्तूचा नंबर कितीचा ते मशीनला माहीत असतं. तारीख सहा आकडी, तेही माहीत. म्हणून ते मोजून घेतं आणि पुढे जातं. पण नाव केवढं ते कसं समजणार? कोणाचं चार अक्षरी, कोणाचं अठरा. म्हणून नाव संपलं हे सांगायला एक खूण लागते. ती तुमच्या लेबलात नाही."

मी चष्मा पुसून पडद्याकडे पाहिलं.

"मग मशीन वीस भरेपर्यंत ओढत राहतं. बघा, आशाबाईशंकरराव सतरा. उरलेली तीन कुठून घेतली? तारखेच्या आधी येतो तो पंधरा, आणि तारखेचा पहिला आकडा. आता तारखेची पाटीच गेली. पुढचं सगळं त्याला अनोळखी."

"आन कौशल्याबाई?"

त्यांनी मोजलं आणि हसल्या. "त्या वीसच आहेत की. म्हणून वाचल्या. योगायोग."

खूण नको असेल तर नाव सगळ्यात शेवटी घाला, म्हणजे मागे काही उरतच नाही, असंही त्यांनी सांगितलं. सागरने पहिल्या दिवशी तसंच मांडलं होतं.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसलो. नवा कंडक्टर मागे उभा होता, प्रवासी उतरला की दोरी ओढत होता. घंटी वाजल्याशिवाय ड्रायव्हरला कळत नाही की उतरणारा उतरला. आशाबाईच्या नावामागची घंटी मी काढून टाकली. टिकली म्हणालो तिला. एकोणतीस वर्षं घंटी दिली आणि ही एक काढली, आणि सात बायकांचा गट मोडला. आणि वर टपरीवर जाऊन हाताच्या फरकाबद्दल बोललो. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

२१ एप्रिल

घरी कौशल्याबाईला सांगायला गेलो. ती म्हणाली, "मले कायले सांगता? मले माहीत होतं का तुम्हीच काही त केलं. त्यायले सांगा." चुलीला नाही, मलाच म्हणाली. पण त्यानंतर परत बंद.

मग आशाबाईच्या अंगणात सगळ्या जमल्या. कौशल्याबाई आली नाही. मी उभं राहून बोललो. भरलेल्या गाडीसमोर बोलायला मला कधी संकोच वाटला नाही, इथे सहा बायकांसमोर सुरुवात कुठून करायची ते सुचेना. सगळं सांगितलं: खूण, नाव मध्ये आणणं, फक्त आपल्या घरचं लेबल तपासणं. म्हणालो, "चूक माही. तिले यातलं काही माहीत नोतं. ते त म्हनत होती का नुसतं नाव टाका."

मग आशाबाई म्हणाली, "म्हनत होती?"

"हाव."

"मंग आमच्याही मनात तेच होतं. आम्हाले कोनी इचारलंच नाही."

पुष्पांजली म्हणाली की तिला तर वाटलं होतं, कंपनीचाच तसा नियम आहे. गोपालला वडी आणि भजं यातला फरक कळत नाही, त्याचं नाव तिच्या वडीवर कशाला? बाकीच्या हसल्या. शंकरराव ओसरीवरून म्हणाले, माझं काढा बाप्पा, उद्या वडी खारट निघाली तर मलाच शिव्या बसतील.

मग वीस अक्षरांत काय काय बसतं यावर तासभर चर्चा. आशाबाईला आशामाय पाहिजे, कारण सगळी गल्ली तसंच म्हणते. पुष्पांजलीला पूर्ण पुष्पांजली पाहिजे, लोक पुष्पा म्हणतात त्याचा तिला राग आहे. मी गप्प बसून लिहून घेत गेलो. मध्येच ‘पण’ म्हणावंसं दोनदा वाटलं, दोन्ही वेळा गिळलं.

निघताना आशाबाईने भिंतीपलीकडच्या आमच्या घराकडे आवाज टाकला, "कौशल्ये, तुही बाज पाठव. उद्या डाळ भिजू घालाची हाये." थोड्या वेळाने बाज आली, कौशल्याबाईच्या डोक्यावर.

२३ एप्रिल

सागरकडे. वस्तू, तारीख, शेवटी नाव. मी म्हणालो, ती खूणही राहू दे. त्याने सांगितलं, नाव शेवटी असलं की ती लागतच नाही. मी ‘बरं’ म्हणालो. प्रत्येक बाईचं लेबल छापून वाचायला लावलं, एक झालं की दुसरं. सागर म्हणाला, काका आज घाई नाही का? आज नव्हती.

शेवटी आमच्या घरचं आलं, पुढच्या मालासाठी. कौशल्याबाईने काय टाकायचं ते मला सांगितलं नव्हतं, परस्पर सागरला फोन केला होता. KAUSALYA. बाईसुद्धा नाही.

वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू. वीसमधल्या बारा जागा रिकाम्या ठेवल्या तिने. मी लेबल हातात घेऊन बराच वेळ उभा होतो. लग्नाआधी तिचं नाव शाळेच्या पाटीवर असंच असणार, हे नंतर गाडीत लक्षात आलं.

२६ एप्रिल

गोपालबरोबर मी गेलो. घरात अजून माझ्याशी बोलणं नाही, पण डब्यात चटणी जास्त होती.

अकोल्याच्या गोदामाच्या फाटकावर नवा पहारेकरी होता. नाव लिहिलं. मग विचारलं, "कोनाकडून आले?"

गट म्हणावं, कंपनी म्हणावं, की निवृत्त वाहक म्हणावं, असं क्षणभर झालं. मग सरळ म्हणालो, "कौशल्याबाईचा नवरा." त्याने तसंच लिहून घेतलं आणि फाटक उघडलं. मला काही वेगळं वाटलं नाही, उलट बरं वाटलं.

वैष्णवी मॅडमनी पहिलं खोकं उचललं ते आशाबाईचं. मशीनने टिंग असा आवाज केला आणि पडद्यावर आलं: वस्तू, पंधरा ऑक्टोबर, ASHAMAY. मग पुष्पांजली, सगळीच्या सगळी. मग बाकीच्या. एकही खोकं परत आलं नाही.

बाहेर येऊन घरी फोन लावला. कौशल्याबाईने उचलला.

"उतरला माल," मी म्हणालो.

"आशाचा?"

"सगळ्यात आधी तिचाच वाचला."

तिकडे मागे गच्चीवर कोणीतरी हसत होतं. मग ती म्हणाली, "जेवले का तुम्ही?"

दहा दिवसांत पहिल्यांदा माझ्याबद्दल काही विचारलं तिने. डबा रिकामा करून वर गोपालबरोबर कचोऱ्या खाल्ल्या होत्या, पोटात तिळाएवढी जागा नव्हती.

"नाही," मी म्हणालो.

"मंग या लवकर. भाकर टाकतो."